कलापूर घडते कसे?

कोल्हापुरात नाटकाचे थिएटर आणि कुस्तीचे मैदान एकमेकांना पाठ लावून बांधलेली आहेत. इकडे नांदी, तिकडे शड्डू. असा शेजार दुसऱ्या कुठल्या शहरात असेल तर तो निदान माझ्या पाहण्यात नाही. बाहेरगावचा पाहुणा हे पहिल्यांदा पाहतो तेव्हा चकित होतो. कोल्हापूरकराला मात्र त्यात काही नवल वाटत नाही. खासबागेच्या खाऊ गल्लीत भेळ खाताना आपण कुस्ती आणि संगीत नाटक यांच्या मधोमध उभे आहोत, हे त्याच्या मनातही येत नाही. जे रोज डोळ्यांसमोर असते ते कधीकाळी कुणीतरी मुद्दाम घडवलेले असते, हे आपण फार सहज विसरतो.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे शहरांच्या कारभारात रूढ झालेला एक नवा शब्द. 'सर्जनशील शहर' हा तो शब्द. इंग्लंडमधले नगरअभ्यासक चार्ल्स लँड्री यांनी २००० साली या नावाचे पुस्तक लिहिले. अमेरिकेतल्या रिचर्ड फ्लोरिडा यांनी २००२ साली असे मांडले, की जी शहरे तंत्रज्ञान, गुणवत्ता आणि सहिष्णुता या तिन्ही गोष्टी एकत्र नांदवतात तिथेच नवे काही निपजते. २००४ मध्ये युनेस्कोने सर्जनशील शहरांचे एक जाळेच विणायला घेतले. साहित्य, संगीत, चित्रपट, हस्तकला, खाद्यसंस्कृती असे त्यात विभाग आहेत. आपल्या देशातली जयपूर आणि वाराणसी ही शहरे २०१५ साली त्यात गेली, मुंबई २०१९ साली चित्रपटांसाठी, कोझिकोडे २०२३ साली साहित्यासाठी. कोल्हापूरचे नाव २०२५ पर्यंतच्या यादीत नाही. पण 'कलापूर' हे बिरूद या गावाला लोकांनी केव्हाच देऊन टाकले आहे, आणि त्यासाठी कुणी अर्ज केला नव्हता.

मी मंगळवार पेठेत वाढलो, म्हणजे खासबागेच्या अंगणातच. त्यामुळे या गावाविषयी मी अगदी तटस्थपणे बोलू शकेन असा माझा दावा नाही. पण गेली काही वर्षे एक प्रश्न मला सोडत नाही. कलापूर घडले कसे? ते पाण्यात होते, मातीत होते, कोल्हापूरकराच्या रक्तात होते, असे आपण अभिमानाने म्हणतो. रक्तातच असते तर ते टिकवण्याची काळजी करायचे कारण नव्हते. माझ्या मते त्याचे उत्तर साधे आहे. कलापूर दोन गोष्टींनी घडले. एक म्हणजे जागा, आणि दुसरी म्हणजे कारभार. जागा कुणाला मिळाली, कुणाच्या शेजारी मिळाली आणि ती पुढे कोणी सांभाळली, यावर सगळे अवलंबून होते. आजही आहे.

जागेपासून सुरुवात करू. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. १९०२ साली ते बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम पाहिले, तिथले कलोझियम पाहिले, आणि तसे मैदान आपल्या मल्लांसाठी असावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली खासबागेचे मैदान तयार झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत जाणारा गोलाकार उतार. खेड्यातून पायी आलेल्या आणि सगळ्यात मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही कुस्ती दिसली पाहिजे, हे त्या बांधणीचे मर्म. लगोलग १९१३ ते १९१५ या काळात शेजारीच पॅलेस थिएटर उभे राहिले.

दोन्ही वास्तू एकत्र का बांधल्या असतील? महाराजांच्या मनातले मी सांगू शकत नाही, पण त्याचा परिणाम काय झाला ते दिसते. कुस्तीला येणारा माणूस आणि नाटकाला येणारा माणूस असे दोन वर्ग या गावात पडले नाहीत. तालमीत घुमणारा पोरगा रात्री पिटात बसून नाट्यगीताला 'वन्स मोअर' देऊ लागला. आमच्या गल्लीतले एक पैलवान पहाटे मेहनत करताना नाट्यपदे गुणगुणत, आणि त्यात कुणालाही काही विनोदी वाटत नसे.

हे सगळे महाराजांनी हौसेखातर केले असे मानणे अन्यायाचे होईल. ज्या काळात मैदान आणि थिएटर होत होते, त्याच काळात राधानगरीच्या धरणाचे काम चालू होते. १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत होती. शाहूपुरीची पेठ वसत होती. पाणी, शिक्षण, व्यापार आणि रंगमंच ही चारी कामे एकाच कारभाराच्या वहीत होती. कला हा उरलेल्या पैशांचा खर्च नव्हता.

आता ही जागा कुणाकुणाला मिळाली ते पाहा. गवई होते अल्लादियाखाँ, उत्तरेतून येऊन कोल्हापूर दरबारी राहिलेले. त्यांच्या तालमीतून पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर तयार झाल्या. चित्रकार होते आबालाल रहिमान, कोटितीर्थाच्या काठी बसून निसर्ग रंगवणारे. नट होते केशवराव भोसले, याच गावात १८९० साली गरीब घरात जन्मलेले. वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८ साली, त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली. आणि मिस्त्रीकाम करणाऱ्या घराण्यातले आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ होते, ज्यांना लोक 'पेंटर' म्हणत, कारण ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत.

पडद्यांची ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. नाटकासाठी राजवाडा रंगवायचा, अरण्य रंगवायचे, नदी रंगवायची, आणि ती प्रेक्षकाला खरी वाटली पाहिजे. खरे वाटायला लावण्याचा हा नाद या दोघांना हलत्या चित्रांकडे घेऊन गेला. कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो घरीच बनवायचा घाट त्यांनी घातला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी हट्ट सोडला नाही. विष्णुपंत दामले हाताशी होते. कोल्हापुरात ओतकाम, लोहारकाम, सुतारकाम जाणणारे हात होते. अखेर देशी कॅमेरा तयार झाला. भांडवलाला धावून आल्या गायिका तानीबाई कागलकर. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावून शहराकडे जाणारा शेतकरी दिसला. तो तरुण शेतकरी रंगवणारे शांतारामही याच गावात घडले.

ही नावे एकापाठोपाठ वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. यांतले कुणीही एका जातीचे, एका धर्माचे, एका वर्गाचे नव्हते. मुसलमान गवई, मुसलमान चित्रकार, मिस्त्री घराण्यातला पेंटर, मराठा नट, आणि ज्यांच्याकडे समाज नाक मुरडून पाही अशा गायिकेचे पैसे. फ्लोरिडासाहेबांनी २००२ साली सहिष्णुतेचे जे सूत्र सांगितले, ते कोल्हापुरात त्यापूर्वी ऐंशी-नव्वद वर्षे पेठांतून फिरत होते. कुणी चित्रपट काढा असा हुकूम बाबूरावांना दिला नव्हता. राज्यकर्त्यांनी एकच केले. वेगवेगळ्या कसबाची माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतील अशी जागा केली आणि त्यांच्या कामात नाक खुपसले नाही. पुढचे त्या माणसांनी आपसांत केले.

पण जागा करणे आणि ती टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथून आपली गोष्ट जरा अवघड वळण घेते.

१९२९ साली बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट इथेच झाला. आणि पुढच्याच वर्षी, १९३३ साली, प्रभात पुण्याला गेली. धंद्याची वाढ, मोठी जागा, मुंबईची जवळीक, अशी त्यामागची गणिते होती आणि ती चुकीची नव्हती. 'संत तुकाराम' पुण्यात झाला. कालांतराने प्रभात बंद पडली, पण तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कंपनी गेली तरी जागेचे काम चालू राहिले, कारण ती सार्वजनिक संस्थेच्या हाती आली. 'अर्धसत्य'मधला पोलीस अधिकारी रंगवणारे ओम पुरी याच आवारात शिकले.

कोल्हापुरातल्या जयप्रभा स्टुडिओचे नशीब वेगळे. भालजी पेंढारकरांनी तो नावारूपाला आणला. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळाला, भालजींनी पुन्हा उभा केला. पुढे तो लता मंगेशकरांच्या मालकीचा झाला. हळूहळू चित्रीकरण थांबले. २०२२ साली ही जागा विकली गेल्याची बातमी आली तेव्हा चित्रपट व्यावसायिक आणि नागरिक रस्त्यावर उतरले. खासगी मालकाने आपली मालमत्ता विकली तर कायद्याने त्याला अडवता येत नाही, हे खरे. पण मग गावाच्या आठवणींचे काय, हाही प्रश्न खराच. ज्या काळात ही जागा सार्वजनिक करून घेता आली असती त्या काळात तो प्रश्न कुणी नेटाने लावून धरला नाही. दागिना सावकाराकडे गेल्यावर आपण हळहळतो, पण गहाण पडण्याच्या दिवशी घरातले सगळे गप्प असतात. तसेच झाले.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. लोकशाही आली हे उत्तमच झाले, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर गाव चालावे हे काही बरे नव्हे. चांगला राजा मिळणे हा शेवटी नशिबाचा भाग. पण राजा गेला तेव्हा त्याच्या वास्तू नगरपालिकेकडे आल्या, आणि त्या वास्तूंमागचा विचार कुणाकडे आला ते कळलेच नाही. १९७२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. थिएटरला पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. भाडे ठरले, तारखा वाटण्याचे नियम ठरले, दुरुस्तीच्या निविदा निघू लागल्या. पण या परिसराचे नेमके काय करायचे आहे, हे ठरवणारी खुर्ची काही कुठे दिसेना.

सुदैवाने कोल्हापुरात आणखी एक कारभार होता, आणि तो लोकांचा होता. मी तालमींविषयी बोलतो आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा वाटेल. कोल्हापुरात तालीम म्हणजे पेठेचे घर. तिथे तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून आखाडा तयार होतो, हे खरेच. पण तिथेच गणपती बसतो, पंजेही बसतात. बाबूजमाल तालमीत तर गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले की दोन्ही शेजारी शेजारी असतात. तालमीचा फुटबॉल संघ असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या नावांवर अजूनही गाव दोन-तीन तटांत विभागून शाहू स्टेडियमवर घसा फोडते. कुणाच्या घरी मयत झाले, कुणाचे लग्न अडले, तर तालीम धावते. वर्गणी, हिशेब, भांडण, समेट, नवीन पोरांना पुढे आणणे ही सगळी कामे तिथे होतात. कारभार म्हणजे आणखी काय असते?

मी काही पैलवान नव्हतो. माझी तालीम वेगळी होती. हौशी रंगभूमीवर मी बरीच वर्षे राबलो. राबलो म्हणजे बहुतेक वेळा पडद्यामागेच. संध्याकाळी शाळा सुटली की एका वर्गातली बाके भिंतीला लावायची, मधल्या मोकळ्या जागेत खडूने रंगमंचाची मापे आखायची, आणि रात्री अकरापर्यंत तालीम. राज्य नाट्यस्पर्धा जवळ आली की महिनाभर घरच्यांना आमचे तोंड दिसत नसे. स्पर्धेचा प्रयोग मात्र केशवराव भोसल्यांच्या रंगमंचावर. खडूच्या चौकटीतून त्या विंगेत आलो की पोरे आपोआप हळू बोलू लागत. त्या रंगमंचाचा धाक होता. आपल्याआधी इथे कोण कोण उभे राहून गेले, हे कुणी सांगावे लागत नसे. ज्या गावात साध्या कारकुनाच्या आणि गिरणी कामगाराच्या मुलाला वर्षातून एकदा अशा रंगमंचावर पाऊल ठेवता येते, त्या गावाला प्रमाणपत्राची गरज काय!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे थिएटर जळाले.

दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. गावातले कलावंत जळक्या भिंतींसमोर जमले आणि वयाने मोठी माणसे लहान मुलासारखी रडली. सरकारने मदत जाहीर केली, पुनर्बांधणीचे काम हाती घेतले गेले. आग कशी लागली या वादात मला इथे शिरायचे नाही. मला दुसरी एक तारीख महत्त्वाची वाटते. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. त्यानंतर निवडणूक पुढे पुढे जात राहिली आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मधली पाच वर्षे प्रशासक. म्हणजे आग लागली त्या दिवशी या शहराला निवडून दिलेले सभागृहच नव्हते. थिएटरच्या विजेच्या जोडण्या केव्हा तपासल्या, पाण्याची टाकी भरलेली आहे का, रात्री राखणीला कोण असते, असे प्रश्न एरवी एखादा नगरसेवक तरी सभेत ओरडून विचारतो. कधी राजकारणासाठी विचारतो, कधी ठेकेदारावर राग म्हणून विचारतो, पण विचारतो. पाच वर्षे ती जागाच रिकामी होती. सभागृह असते तर आग लागली नसती असे मी म्हणत नाही. पण सव्वापाच लाखांहून मोठ्या वस्तीच्या शहरात प्रश्न विचारायला अधिकृत माणूसच नसावा, ही गोष्ट आगीइतकीच गंभीर आहे.

जळलेली वास्तू पुन्हा बांधता येते. दगड मिळतात, सागवान मिळते, जुनी छायाचित्रे असतात. तेवढ्याने मात्र थिएटर परत येत नाही. भाडे हौशी संस्थांना परवडेल का? मोठ्या व्यावसायिक प्रयोगांच्या गर्दीत शाळेच्या नाटकाला रविवार मिळेल का? नाटकवाल्या बायकांना कपडे बदलायला नीट खोली आणि स्वच्छ शौचालय मिळेल का? सरावासाठी एखादी साधी खोली थिएटरच्या आवारात असेल का, की मुलांनी अजूनही शाळेतली बाकेच सरकवायची? हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण बाबूराव पेंटर कुठल्या महोत्सवातून निघाले नव्हते. ते रोज उठून पडदा रंगवण्याच्या कामातून निघाले होते. सर्जनाला रोजची, स्वस्त आणि हक्काची जागा लागते.

नाव आणि जागा यांतला हा फरक कोल्हापुरी चपलेइतका दुसरे कुणी सांगणार नाही. २०१९ साली या चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मिरवल्या आणि मूळ कारागिरांचे नाव घेतले नाही, म्हणून गदारोळ झाला. मग कंपनीची माणसे कोल्हापूरला आली, कारागिरांच्या घरी बसली. कोल्हापूरचे नाव जगभर झाले. आम्हालाही आनंद झाला. पण हा धंदा चालतो कसा ते पाहिले की आनंद थोडा ओसरतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमवायचे, म्हणजे पाणी हवे, उन्हात वाळवायला मोकळी जागा हवी, सांडपाण्याची सोय हवी. घरातली बाईमाणसे वेण्या विणतात, ते काम उंबऱ्यात बसून चालते. कारागिरांच्या वस्त्यांत घरे दाटली, अंगण गेले, की पुढची पिढी दुसरे काम शोधते. यावर उपाय मिलानमध्ये निघणार नाही. तो महापालिकेच्या विकास आराखड्यात निघेल, नाही तर कुठेच निघणार नाही.

जगात ज्या शहरांची उदाहरणे दिली जातात त्यांचेही इंगित हेच आहे. स्पेनमधले बिल्बाओ हे लोखंडाचे आणि जहाजबांधणीचे शहर. कारखाने बसले आणि शहर उदास झाले. १९९७ साली तिथे गुगेनहाइम संग्रहालयाची लखलखीत इमारत उभी राहिली आणि पर्यटकांची रीघ लागली. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक महापौराला आपल्या गावात एक लखलखीत इमारत हवी आहे. पण त्याच्या पाच वर्षे आधी, १९९२ साली, केंद्र सरकार आणि स्थानिक सरकारांनी भागीदारीत एक संस्था काढून नदीकाठच्या पडीक जमिनींचा कारभार तिच्याकडे दिला होता, हे कुणी सांगत नाही. नदी स्वच्छ करायला घेतली होती. १९९५ साली मेट्रो धावली होती. इमारत शेवटी आली. आपण ती आधी मागतो.

आपल्या जवळचे उदाहरण कोझिकोडेचे. तिथली मिठाईची जुनी बाजारपेठ २०१७ साली डागडुजी करून पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी केली गेली. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, वाहने बंद झाली तर गिऱ्हाईक येणार कसे म्हणून. पण रस्त्याच्या तोंडाशी एस. के. पोट्टेकाट यांचा पुतळा आहे, आणि या ज्ञानपीठविजेत्या लेखकाने त्याच रस्त्यावर कादंबरी लिहिली होती. माणसे आता तिथे रमतगमत चालतात. सहा वर्षांनी त्या शहराला साहित्याचे मानांकन मिळाले. त्यामागे गल्लोगल्लीची ग्रंथालये होती. शिवाय युनेस्कोचे मानांकन घेतले की दर चार वर्षांनी काय केले त्याचा अहवाल द्यावा लागतो. म्हणजे तेही एक कारभाराचेच काम. नुसती पाटी लावून भागत नाही.

आता जानेवारी २०२६ पासून कोल्हापूरला निवडून दिलेले सभागृह आहे. त्याच्याकडे मी कलानगरीच्या कमानी मागणार नाही. कमानी आमच्याकडे पुष्कळ आहेत. खासबाग मैदान, केशवरावांचे थिएटर, शेजारचा देवल क्लब आणि मधली खाऊ गल्ली हा सगळा एकच परिसर मानून त्याची एक समिती असावी. तिच्यात अधिकारी असावेत, तसेच नाटकवाले, तालमींची माणसे, गवई, भेळवाले आणि जवळ राहणारेही असावेत. तिची बैठक ठरलेल्या दिवशी व्हावी आणि इतिवृत्त भिंतीवर लागावे. अंदाजपत्रकात या वास्तूंच्या देखभालीचा स्वतंत्र आकडा असावा, आणि तो खर्च झाला की नाही हे वर्षअखेर कळावे. संध्याकाळचे काही तास हा परिसर वाहनांपासून मोकळा करून पाहावा. चर्मकारांच्या वस्तीत कातडे वाळवायला सामायिक जागा राखावी. यांतल्या कुठल्याच गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. महापालिका कायद्यात तर २००९ सालापासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदाराने आपल्या भागाविषयी जाहीर बोलावे अशी ती सोय. आपल्यापैकी किती जणांनी क्षेत्रसभा पाहिली आहे?

आणखी एक गोष्ट समितीने होणार नाही, ती आपल्याच हाती आहे. २०२३ च्या जूनमध्ये याच शहरात समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून तणाव पेटला, दगडफेक झाली, बाजार बंद पडला. अल्लादियाखाँ आणि आबालाल रहिमान ज्या गावचे, त्या गावात हे झाले. थिएटर विजेच्या ठिणगीने जळो वा आणखी कशाने, ते पुन्हा बांधता येईल. वेगवेगळ्या माणसांचा शेजार मोडला तर तो कुठल्या निविदेत बसवणार? बाबूजमाल तालमीसारखी ठिकाणे म्हणूनच मला कुठल्याही नव्या इमारतीपेक्षा मोठी वाटतात.

शाहू महाराजांना १९०७ मध्ये किंवा १९१३ मध्ये कुणाची परवानगी काढावी लागली नाही. त्यांच्या मनात आले आणि त्यांनी केले. मनात चांगले आले हे आपले भाग्य. आपल्याला तशी सोय नाही. आपल्याला विचारावे लागते, मागावे लागते, सभेला जाऊन बसावे लागते, हिशेब वाचावा लागतो. कंटाळवाणे काम आहे. दर वर्षी महापालिकेचे अंदाजपत्रक सादर होते तेव्हा वर्तमानपत्रात घरपट्टी-पाणीपट्टीच्या बातमीशेजारी थिएटरच्या देखभालीसाठी किती रुपये ठेवले तेही शोधून पाहावे, आणि रक्कम तोकडी असेल तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या दारी जाऊन का, ते विचारावे. तालमीच्या वर्गणीचा हिशेब मागताना कोल्हापूरकर कधी लाजत नाही. गावाचा हिशेब मागताना तरी त्याने का लाजावे?